बटाटे गरम आहेत

लिओना शिमेकचं कौतुक ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. मागच्या रविवारी चर्चच्या तळघरात बायका जमल्या होत्या. लिओनाला जाऊन वर्ष झालं म्हणून. तिच्या स्वयंपाकघरातला आठवड्याच्या जेवणाचा तो तक्ता त्यांनी काचेत बसवून भिंतीवर टांगलाय. सोमवार, कोंबडीच्या हाडांचं सूप. मंगळवार, मॅकरोनी आणि डब्यातले टोमॅटो. बुधवार, बटाट्याची धिरडी. गुरुवार, कलेजी-कांदा. शुक्रवार, ट्यूना. शनिवार, उरलंसुरलं. रविवार, अख्खी कोंबडी. खाली लिहिलंय, 'पाच माणसं, चाळीस डॉलर'. तरण्या मुली फोनवर त्याचे फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "इर्मा आजी, तुम्ही तिच्या शेजारी होतात ना? चार शब्द बोला की."

मी म्हटलं डोकं दुखतंय, आणि घरी आले. तिथे बोलले नाही ते इथे सांगते.

कागदाची गिरणी बंद पडली ते ब्याऐंशी साल. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात गिरणी सोडली तर दुसरं होतं काय? लिओनाचा नवरा अँब्रोज एका शुक्रवारी डबा घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. घरात तीन पोरं. डोरीन तेरा वर्षांची, वेंडेल अकराचा, जिल सात. तेव्हा सरकारी चीजच्या विटा वाटायचे, चर्चच्या दारात धान्याच्या पिशव्या मिळायच्या. अर्धं गाव मान खाली घालून रांगेत उभं राहिलं. लिओना नाही राहिली. "माझी पोरं माझ्या टेबलावर जेवतील," म्हणाली, आणि तो तक्ता लिहून फ्रीजवर चिकटवला.

मी चौकातल्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसायचे. कोण काय खातं हे पाद्रीबाबापेक्षा गल्ल्यावरच्या बाईला जास्त ठाऊक असतं. लिओना दर गुरुवारी दुपारी यायची, कूपनांचा लिफाफा घेऊन. पाव कालचा. दूध एक बाटली, त्यात घरी जाऊन भुकटीचं दूध मिसळायची. बटाट्यांचं पोतं मात्र मोठं. पोरांच्या पोटात खळगा राहिला तर तो बटाट्याने भरायचा, असा तिचा हिशेब. आणि रविवारची कोंबडी, ती निवडायला तिला दहा मिनिटं लागायची. प्रत्येक कोंबडी हातावर तोलायची. मागे रांग लागली तरी मी काही बोलायचे नाही.

आता माझं सांगते, लाज वाटते तरी. त्याच वर्षी माझा नवरा दुसरीचा हात धरून मिनेसोटात पळाला. मी एकटी, रिकामं घर. लिओना कुंपणावरून म्हणाली, "रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही." मी गेले. आणि मग दर रविवारी जात राहिले. पाच वर्षं!

त्या टेबलाची मला किती ओढ असायची म्हणून सांगू. आठवडाभर मी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचे, आणि रविवारी तिथे भाजलेल्या कोंबडीचा वास, पोरांचा कलकलाट. लिओना मोठ्या निळ्या भांड्यात कुसकरलेले बटाटे घेऊन यायची आणि म्हणायची, "जपून रे, बटाटे गरम आहेत." मग मला म्हणायची, "इर्मा, लाजतेस काय? घे ना, खूप आहे!" पोरांनाही म्हणायची, "घ्या रे, खूप आहे!" पोरं म्हणायची, "नको आई, पोट भरलं." मला वाटायचं, काय गुणी लेकरं आहेत, हावरटपणा म्हणून नाही! आणि मी मेली परत घ्यायचे. बटाटेही, मांसही. तीन वेळा घेतल्याचं आठवतंय मला.

लिओना स्वतः बसायचीच नाही. चुलीशी उभी राहून बटाट्याची सालं चघळायची. "मला सालंच आवडतात," म्हणायची. मी तेही खरं मानलं.

डोरीन अठराची झाली तेव्हा सुट्टीत माझ्या शेजारच्या गल्ल्यावर कामाला लागली. एकदा चहाच्या वेळी तिने लागोपाठ चार डोनट खाल्ले. मी थट्टा केली, "अगं, घरी काही देत नाहीत की काय?"

ती खूप हसली. बोटाची साखर चाटत म्हणाली, "मावशी, एक गंमत सांगू? रागावू नकोस हं. 'बटाटे गरम आहेत' ही आमची खूण होती."

"कसली खूण?"

"पाहुणे आलेत, हात राखून घ्या, अशी. एकदा म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. मग आई कितीही 'घ्या, खूप आहे' म्हणाली तरी नाही घ्यायचं. ते तुझ्यासाठी असायचं, तुला संकोच वाटू नये म्हणून. तू दुसऱ्यांदा पंजा घातलास की वेंडेल टेबलाखालून मला लाथ मारायचा! जिल तर एकदा रडलीच होती. आई म्हणाली तिच्या डोळ्यात मिरी गेली."

ती हसत होती. माझ्या हातातला डोनट मी खाली ठेवला. पाच वर्षं मी त्या पोरांच्या तोंडचा घास खात होते, आणि वर त्यांच्या गुणांचं कौतुक करत होते. लिओनाला मी कधी काही बोलले नाही. तेव्हापासून रिकाम्या हाताने तिच्या दारात गेले नाही एवढंच. पण तोवर उशीर झालेला होता. पोरं एकेक करून मिलवॉकीला निघून गेली.

आणि ती परत यायची तीही पाहुण्यासारखी. नाताळला दोन तास, अँब्रोजच्या मयताला एक दिवस. आली की आईला बाहेर जेवायला न्यायची. आईच्या टेबलावर बसायला कुणी तयार नसे. एकदा वेंडेल तिच्यासमोर म्हणाला, "आई, मला आजही कुठे मॅकरोनीचा वास आला तर पोटात ढवळतं." तो गमतीने म्हणाला. लिओना हसली. रात्रभर तिच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता, माझ्या खिडकीतून दिसतो तो.

बाहेर गावात मात्र काय मान! तालुक्याचे लोक तिला भाषणाला बोलवायचे. बायका वह्या घेऊन बसायच्या. एकीने विचारलं होतं, "पोरं परत परत मागतात, त्याला काय करायचं?" लिओना म्हणाली, "बटाटे जास्त उकडा." खुणेचं तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

मरायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. सप्टेंबरात ती माझ्याकडे आली. बहात्तर वर्षांची, वाळून काडी झालेली. म्हणाली, "इर्मा, यंदा नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी तिघांनाही घरी बोलावलंय. नवरे-बायका, नातवंडं कुणी नको, फक्त माझी तीन. मला एकदाच बघायचंय गं."

"काय बघायचंय?"

"दुसऱ्यांदा वाढून घेताना. माझ्या टेबलावर. मी वाढतेय आणि ती घेताहेत, आणि पुन्हा घेताहेत. जन्मात एकदा बघायचंय."

मी म्हटलं, "एवढंच ना? घेतील की." कोणत्या तोंडाने म्हटलं देव जाणे.

ऑक्टोबरापासून तिची पिशवी हलकी हलकी होत गेली. मी तेव्हा नोकरी सोडली होती, पण दुकानात तिच्याबरोबर जायचे. क्रॅकर, चहा, कधी एखादं अंडं. पोटाला चिमटा काढून ती लोणी साठवत होती, अक्रोड साठवत होती. फुकट टर्कीसाठी दुकानात दर खरेदीवर मिळणारे शिक्के गोळा करायचे तर तेवढी खरेदी कुठून होणार? मी माझे शिक्के तिच्या कार्डावर चिकटवले. फ्रीजवर नवा तक्ता होता, एका माणसाचा. सोमवार, टोस्ट. मंगळवार, टोस्ट. मी ओरडले, "अगं, मरशील!" ती म्हणाली, "त्या गुरुवारनंतर खाईन की."

तो गुरुवार उजाडला. मला बोलवलं होतंच. नको म्हणाले होते मी, खरंच सांगते. तुझी तीन आणि तू, एवढेच बसा म्हटलं. "छे, तू नाहीस तर कसलं जेवण?" म्हणाली, आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

टेबल असं भरलं होतं की ताटं ठेवायला जागा नव्हती. बारा पौंडांची टर्की, सोनेरी. पावाचं सारण, गाजरं, क्रॅनबेरी, दोन ॲपल पाय. पोरं एका गाडीतून आली, कोट काढून बसली. डोरीनचे केस पांढरे झालेले. पहिलं वाढण झालं. वेंडेल म्हणाला, "आई, हे फार भारी झालंय." लिओनाचा चेहरा उजळला. ती ओव्हनकडे वळली, निळं भांडं काढलं. दुसऱ्यांदा वाढायला. फडक्यातून तिचा हात भाजला, भांडं वेंडेलच्या हाताशी टेकत होतं.

ती म्हणाली, "जपून रे, बटाटे गरम आहेत."

वेंडेलने चमचा खाली ठेवला. डोरीनने ठेवला. जिलने घास तोंडाकडे नेला होता, तो तिने परत ताटात ठेवला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. एका क्षणात झालं सगळं. पस्तीस वर्षं मध्ये गेलीच नव्हती जणू.

लिओनाला कळलं. तिचं तोंड पांढरं पडलं. "नाही नाही," ती म्हणाली, "घ्या रे! खूप आहे!"

"नको आई, पोट भरलं."

"अरे, खरंच खूप आहे! वेंडेल, घे ना!"

"भरलं गं आई. मस्त झालं होतं."

ती जितका आग्रह करत होती तितकी पोरं घट्ट होत होती. तेव्हाही ती असाच आग्रह करायची ना! माझ्याच्याने बघवेना. मी मोठ्याने म्हटलं, "मूर्खांनो, आई मनापासून सांगतेय! हे बघा," आणि भांड्यात चमचा घालून ढीगभर बटाटे स्वतःच्या ताटात घेतले, त्यांना दिसावं की आहे, पुरेसं आहे. डोरीनने माझ्याकडे पाहून ते जुनं, पाहुण्यांसाठीचं हसू हसलं. "घे ना मावशी," ती म्हणाली, "लाजू नकोस."

साडेतीनला पोरं गेली. बर्फ येतंय म्हणाली.

गाडीत पेट्रोल भरायला म्हणून मी हमरस्त्यावर गेले. खरं म्हणजे मला तिच्या घरात बसवत नव्हतं. पंपावरच्या दुकानात काचेशी तिघं उभी होती. हॉटडॉग खात होती. वेंडेलच्या हनुवटीला मोहरी लागली होती, आणि जिल हसत होती, लहानपणी हसायची तशी.

मी दार ढकलून आत गेले. "मेल्यांनो! तिकडे अख्खी टर्की पडलीय, आणि तुम्ही इथे हे गिळताय?"

"मावशी! आईला सांगू नकोस हं," वेंडेल म्हणाला.

"का नाही घेतलंत?"

"तू होतीस ना," जिल म्हणाली. "आणि ती म्हणाली बटाटे गरम आहेत."

"गरम होते म्हणून म्हणाली, गधडे! हात भाजला तिचा!"

डोरीन हळूच म्हणाली, "मावशी, मी कपाट उघडून पाहिलं. क्रॅकर आणि चहा, बास. म्हातारी उपाशी राहतेय. तिच्या आठवड्याचं जेवण आम्ही एका बैठकीत संपवायचं?"

"कपाट रिकामं आहे कारण दोन महिने ती टोस्ट खाऊन राहिलीय. तुम्हाला एकदा परत वाढता यावं म्हणून. दुसरं काही नको होतं तिला."

जिलने रुमालाने तोंड पुसलं, नंतर डोळे.

"चला," मी म्हटलं, "अजून उजेड आहे. वीस मिनिटांचा रस्ता. परत चला."

वेंडेलने हातातल्या कागदाकडे पाहिलं. दोन हॉटडॉग संपले होते, तिसऱ्याचं टोक उरलं होतं. "आता खरंच पोट भरलं गं मावशी," तो म्हणाला. "आता बसून खाल्लं तर ओढूनताणून खातोय हे तिला कळेल." बाहेर भुरभुर सुरू झाली होती. "नाताळला येऊ," डोरीन म्हणाली. नाताळला वादळ झालं. पुढच्या वर्षी लिओना दवाखान्यात नळीने जेवत होती.

मी परत गेले. तिने काहीच आवरलं नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यात जागा करून ती कागदावर लिहीत होती. सोमवार, टर्कीचं सूप. मंगळवार, टर्की. बुधवार, टर्की. हाताला फडकं गुंडाळलेलं.

"भांडं खरंच गरम होतं गं, इर्मा," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"वाटेत कुठे भेटली का पोरं? पोट भरलं असेल ना त्यांचं?"

"भरलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. कशाने भरलं, ते मात्र सांगितलं नाही.

तिने कागद बाजूला सारला. मग उठली, माझ्यासमोर स्वच्छ ताट ठेवलं, टर्कीचा मोठा तुकडा कापला, बटाट्यांवर रस्सा घातला. "घे ना," म्हणाली, "खूप आहे." तिचे डोळे माझ्या हाताकडे होते. मी खाल्लं. तिने परत वाढलं, मी परत खाल्लं, ढेकर आला तरी खाल्लं, आणि ती समोर बसून बघत राहिली. त्या दिवशीही तिच्या पोरांच्या वाटचं मीच जेवले.