आत्तोबांच्या कॉम्प्युटरची सुट्टी

या फोरमवर मी नेहमी कॉम्प्युटरच्या तक्रारींवर लिहिते. हँग झाला, प्रिंटर रुसला, पेनड्राइव्हमधून व्हायरस आला... कुणी "आपोआप होतं" असं लिहिलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. धूळ असते, सैल वायर असते, नाहीतर तुम्ही कुठलं तरी बटण दाबलेलं असतं आणि आता कबूल करत नाही. भुताखेतांच्या या धाग्यावर तर मी आजवर फक्त चेष्टा करायला आले. आज लिहायला आलेय, तेव्हा चेष्टा करायची पाळी तुमची.

मी बिदरला मैलूर भागात राहते. माझी आत्या हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीला. आत्तोबांनी शेती बटईनं दिल्यावर त्यांचा वेळ जाईना, म्हणून त्यांच्या मुलानं, प्रसादनं, आपला जुना डेस्कटॉप पुण्याहून आणून बैठकीत मांडून दिला. शिकवणी माझ्याकडे, फोनवरून. "पोरी, बाण हरवला बघ," म्हणून फोन यायचा. मी सांगायची, माउस चकचकीत रेक्झिनवर नीट चालत नाही, खाली साधा कागद ठेवा. मग बाण सापडायचा आणि ते पत्त्यांचा डाव मांडून बसायचे. रोज संध्याकाळी, शेजारी आत्या चहा घेऊन.

खंडेनवमीला ते विळा, कोयता, पंपाची मोटर यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करायचे. हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. पंख्यात कुंकू जातं म्हणून मी ओरडायची, ते हसायचे. आमच्याकडं पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. एकदा प्रसादनं नेमका त्याच दिवशी व्हिडिओ कॉल लावा म्हटलं, तर यांनी साफ सांगितलं, "आज न्हाई. आज त्याची सुट्टी हाय."

आत्तोबा गेले त्याला दुसरं वर्ष चालू आहे. यंदा दसऱ्याच्या थोडं आधी प्रसादचा फोन आला.

"अक्का, आई कॉम्प्युटरसंगं बोलायलीय. लाईट आली की तो आपोआप चालू होतो, अन् ती म्हणते, तुझे अप्पा आले. चहा ठेवते त्याच्यापुढं. तू जाऊन तिला समजावून सांग. मग मी तिला इकडं घेऊन येतो."

मी हसलेच. ज्यांच्या घरी असं होतं त्यांनी लक्षात ठेवा — कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, गेलेली वीज परत आली की काय करायचं, असा पर्याय असतो. तिथं "चालू व्हायचं" निवडलेलं असलं तर लाईट येताच तो उठतो. भूत नाही, काही नाही. दुबलगुंडीला जाऊन मी सेटिंग बघितली, तर ती तशीच होती. आत्याला पडद्यावर बोट ठेवून दाखवली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुझं खरं असंल. तुला जास्त कळतं. मग मागच्या खंडेनवमीला कामून न्हाई आले? दिवसभर लाईट ये-जा करायली हुती."

"योगायोग असेल गं. वायर सैल झाली असेल."

"मग यंदा हितंच ऱ्हा. त्या दिवशी चालू झाला तर मी गुमान प्रसादकडं जाते. न्हाई झाला तर मला परत कुणी हे विचारू नका."

फोनवर प्रसादनंही कबूल केलं. मी तर मनात तिची पुण्याची तयारीसुद्धा करून टाकली. मी कॅबिनेट उघडून धूळ झाडली, सगळ्या वायरी घट्ट बसवल्या. नवमीपर्यंत लाईट जितक्या वेळा गेली आणि आली, तितक्या वेळा तो बिनचूक सुरू झाला. आत्या आतून "आले" म्हणायची, मी "सेटिंग" म्हणायची.

खंडेनवमीला सकाळी पूजा झाली. कुंकू आत जाऊ नये म्हणून मी स्वतः बोटानं टिळा लावला. थोड्या वेळानं लाईट गेली आणि आली. छताचा पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, मॉनिटरचा छोटा दिवा लागला. कॅबिनेट मात्र गप्प.

मी वायर बदलली. दुसऱ्या प्लगला लावून बघितलं. मीटर लावला तर वीज व्यवस्थित येत होती, पण आत कुणी घेतच नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी सुरू करायचं बटण दाबलं. परत दाबलं. दाबून धरलं... काही नाही. वरचं फूल तेवढं हललं. झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला गदागदा हलवल्यासारखी लाज वाटली मला. आणि भीतीही वाटली, ती इथं पहिल्यांदाच लिहितेय.

संध्याकाळी प्रसादचा फोन. "झाला ना चालू?"

"न्हाई रे."

तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

दसऱ्याला सकाळी आत्यानं फूल काढून घेतलं. मी कशालाही हात लावला नव्हता. लाईट एकदा गेली, आली, आणि तो सुरू झाला. तारीख, वेळ, सगळं बरोबर. म्हणजे सेटिंग लक्षात ठेवणारी आतली बॅटरीही ठीक. आत्याच्या "आले"ची वाट बघितली, ती काही बोलली नाही.

आत जाऊन बघते तर ती पिशवी रिकामी करत बसलेली. दोन-तीन लुगडी, गोळ्यांची पाकिटं, प्रसादला आवडतात म्हणून केलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पुण्याला जायची सगळी तयारी तिनं गुपचूप करून ठेवलेली.

"मला वाटायलं हुतं गं, यंदा चालू होईल म्हणून," ती म्हणाली. डोळे वाहत होते, पुसत नव्हती. "नातीला बघायचं हुतं. आता ते हितं हाईत म्हटल्यावर त्यांला एकट्याला टाकून कशी जाऊ?"

मला वाटलं होतं ती जिंकली. मीच तिला बांधून घातलं होतं, पुरावा देऊन.

कारण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त "योगायोग" लिहू नका, तो मी आत्याला सांगून झालाय. ती सेटिंग बंद करायला चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागत नाही. बंद केली की तो परत कधी आपोआप उठणार नाही आणि आत्या कदाचित मोकळी होईल. तिथं बसून मी तो पर्याय उघडला, बोट कीबोर्डवर ठेवलं, आणि उठून आले. भुतावर विश्वास नसलेल्या बाईला हे का जमू नये, ते तुम्हीच सांगा.

गेल्या आठवड्यात परत जाऊन आले. कॉम्प्युटर चालू होता, पुढं चहा होता. पिशवी आत्यानं कपाटात ठेवलेली नाही. दारामागच्या खिळ्याला अजून टांगलेली आहे, रिकामी.