टॉर्चबाईंची तपासणी

माझी आत्या अठ्ठावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन पलंगाखाली बघायची. कागदावर हुद्दा मोठा होता, पण काम हेच. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना घरी येऊन सांभाळणाऱ्या संस्था नीट काम करतात की नाही, हे ती तपासायची. औषधं वेळेवर मिळतात का, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का, पडून पडून पाठीला जखम तर झाली नाही ना. हातात कायम टॉर्च, म्हणून पाठीमागे सगळे तिला टॉर्चबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. लग्न का केलं नाहीस म्हणून विचारलं, की म्हणायची, "वेळ कुठे होता?" मला विचाराल तर तिच्या तपासणीत पास होईल असा माणूस तिला भेटलाच नाही.

जन्मभर लोकांना "स्टुलावर चढू नका" म्हणून दम देणारी ही बाई निवृत्तीनंतर एकदा स्वतःच स्टुलावर चढली, वरच्या फळीवरचा डबा काढायला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि घरात केअरटेकर ठेवणं भाग पडलं.

पहिली नऊ दिवस टिकली. दुसरी चार. तिसरी दुपारी जेवायला म्हणून गेली ती गेलीच. मी तिला अजिबात दोष देत नाही. "हात किती वेळ धुतलेस? मी मोजत होते, अकरा सेकंद!" असलं दिवसभर कोण ऐकून घेईल? एकदा मीच भडकले. "अगं आत्या, ती तुला सांभाळायला आलीय, परीक्षेला बसायला नाही!" त्यावर तिने मला टॉवेल चुकीचा वाळत घातलाय ते दाखवलं.

शेवटी संस्थेच्या बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आता चौथी पाठवते. हीसुद्धा गेली तर आम्हाला जमणार नाही." मला नोकरी होती, मी सकाळचे दोन तास काढू शकत होते, जास्त नाही. म्हणजे मग वृद्धाश्रमच. तो तर आत्याने स्वतः सात वेळा तपासलेला. "तिथलं सूप वाढलं तरी वाडग्याचा तळ दिसतो," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आत्या घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

चौथी आली ती चाळिशीची, रुंद खांद्यांची, मोजकं बोलणारी. मी तिला चौथीच म्हणायला लागले आणि तीही हसून ओ द्यायची. आत्याने सूचना केली की "बरं" म्हणायची आणि मग स्वतःला योग्य वाटेल तसंच करायची. भांडायलाच कुणी नाही म्हटल्यावर आत्याची मोठी पंचाईत झाली. महिनाभर घरात शांतता होती. मला वाटलं, सुधारली बाई. कसली सुधारतेय!

एका मंगळवारी साडेनऊला मी ऑफिसला निघायच्या बेतात होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक जाडजूड गृहस्थ, तीन जिने चढून धापा टाकत. गळ्यात ओळखपत्र. संस्थेच्या कामाची तपासणी करायला आले होते. आत्याला बघताच एकदम ताठ झाले. "मॅडम, तुम्ही? ट्रेनिंगला तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला!" आत्या पलंगावर बसल्या बसल्या दोन इंच उंच झाली.

साहेबांनी बाथरूम पाहिलं, पायपुसणं ओढून पाहिलं, आत्याची पाठ पाहिली. सगळं चोख. मग गोळ्यांचा डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. आत एक पट्टी होती, मुदत संपून तीन महिने झालेली.

"आठ वाजता मी डबा बघितला होता," चौथी म्हणाली. "तेव्हा ही नव्हती."

"नियम तुम्हाला माहीत आहे," साहेब कसंनुसं म्हणाले. "चौकशी होईपर्यंत तुम्हाला काम बंद ठेवावं लागेल." हा नियमही आत्यानेच भांडून करून घेतलेला. चौथीने ॲप्रन सोडायला घेतला. मी आत्याकडे बघितलं, तर ती छताकडे बघत होती.

"पेन खाली ठेवा," आत्या अचानक म्हणाली. "पट्टी मी टाकली. सव्वानऊला. ही चादर बदलायला गेली होती तेव्हा."

साहेब मायेने हसले. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय ना? रुग्ण केअरटेकरला वाचवायला खोटं बोलतात, त्यांच्या शब्दावर जाऊ नका."

अठ्ठावीस वर्षांत तिला कुणी तिच्याच शब्दांत पकडलं नव्हतं. लाजेने लालबुंद होत तिने उशीखालून एक वही काढली आणि साहेबांपुढे धरली. ते मोठ्याने वाचायला लागले.

"'तीन तारीख. पायपुसणं दाराशी तिरकं सरकवलं. दोन मिनिटांत सरळ केलं. कुरकुर नाही. गुण नऊ. सात तारीख. वॉकरचं रबर काढून ठेवलं. हात लावताच कळलं. गुण नऊ.'" महिनाभर असंच. रोज एक खोडी, रोज नऊ गुण. मी कपाळाला हात लावला. शेवटी आजची नोंद होती: गोळ्यांच्या डब्यात जुनी पट्टी, सव्वानऊ. निकालाची जागा कोरी.

साहेबांनी पट्टी खिशात टाकली आणि फॉर्मवर एक ओळ लिहिली. मी डोकावून पाहिलं. "घरातील धोके" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "रुग्ण." मला हसू आवरेना, साहेबांनाही आवरेना. ते गेले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

चौथी मात्र हसली नव्हती. हातात ॲप्रन धरून तशीच उभी होती.

"रोज नऊच का?" तिने विचारलं. "एक गुण कशाचा कापला?"

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पूर्ण गुण मिळालेल्या घरी आम्ही पुन्हा जायचो नाही," ती म्हणाली. "तिथलं काम संपलं असं धरायचो. आणि तू तर उद्या यायला हवीस गं. मला भीती वाटते तू नसलीस की."

चौथीने ॲप्रन पुन्हा कमरेला बांधला आणि हात पुढे केला. "येईन. वही द्या."

आत्याने वही दिली. वर पेनही दिलं.