बाल्कनीतला जपानी बुरूज

नव्वदच्या दशकातला आमचा दुबईतला मुक्काम नवऱ्याच्या जपानी साहेबाच्या मर्जीवर होता. कॉन्ट्रॅक्ट वाढलं तर ठीक, नाहीतर पुण्याला सासूबाईंच्या राज्यात. तिथे कांदा किती बारीक चिरायचा याचाही हुकूम सुटे. म्हणून त्या दिवाळीत मी साहेबाला फराळाला बोलावलं आणि चकल्यांत जीव ओतला.

साहेब नुकताच सुट्टीहून परतला होता. त्याने नवऱ्याला एक खोका दिला होता. आत पांढरे-करडे, प्लास्टरसारखे कडक तुकडे: एक बुरूज, तटाचे दगड, कसलीशी राजमुद्रा. साहेबाने म्हणे बरंच काही समजावलं, पण साहेबापुढे आमचं ध्यान नुसती मान हलवतं. घरी येऊन म्हणाला, "शोपीस आहे." मग काय, बापलेकीने शेजारच्या बांधकामावरची वाळू आणून बाल्कनीत दिवाळीचा किल्ला केला आणि सगळे तुकडे त्यात रोवले. जपानी बुरुजावर महाराज बसले.

"सो क्यूट!" लेक म्हणाली.

साहेब आला, बाल्कनीत गेला आणि थबकला.

"धिस इज स्वीट," तो म्हणाला. "फॉर ईटिंग."

नवऱ्याचा चेहरा पडला. मला थेट सासूबाईंची विळी दिसली.

मग साहेबाने मोडक्या इंग्रजीत पुन्हा सगळं सांगितलं. त्याच्या गावचा किल्ला सरकारने कधीच पाडला. मिठाईवाले मात्र साखर आणि तांदळाचं पीठ लाकडी साच्यात दाबून त्याचा बुरूज अजून पाडतात. किल्ला आता एवढाच उरलाय. हा खोका त्याच्या आईच्याच दुकानातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी सर," नवरा पुटपुटला. "माझं कॉन्ट्रॅक्ट..."

"नो कॉन्ट्रॅक्ट. ऑफिस क्लोजिंग. आय ऑल्सो गो होम. मदर वेटिंग." मग त्याने नवऱ्याला विचारलं, "यू हॅपी, गोइंग होम?"

"येस सर! व्हेरी हॅपी!" नवरा म्हणाला.

"नो," मी म्हणाले.

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मग "मी टू," म्हणाला आणि पहिल्यांदाच खदखदून हसला. त्याने महाराजांना अदबीने बाजूला ठेवलं, बुरूज उपटला, फुंकर मारून मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. दाताखाली वाळू करकरत होती. त्याच्या आईच्या हातचं होतं, म्हणून दोघांनीही निमूटपणे संपवलं.