लहान मोह कुणी पाहिलाय?

शहरातले पाच-सात लोक दर रविवारी आमच्या गावात झाडं लावायला यायचे. गाव पैनगंगेच्या अलीकडे, जैनथच्या बाजूला. इथे सगळा कापूस आणि सोयाबीन. झाडं उरली ती बांधावर आणि नाल्याच्या कडेला. या लोकांचे म्होरके एक निवृत्त सर. ते म्हणायचे, इथे पूर्वी जी झाडं होती तीच परत लावायची. मोह, चारोळीचा चार, बेहडा, पळस. मला झाडांचं फार वेड होतं असं नाही. घरी बसून कंटाळा येतो, आणि शहरातली माणसं उन्हात फुकट खड्डे कशी खणतात ते बघायचं होतं. एका रविवारी कुणीतरी माझ्या हातात खणायची सब्बल दिली आणि मग मी जातच राहिले.

माझ्या धाकट्या जावेच्या बांधावर एक मोह आहे. दीर गेल्यापासून ती एकटीच वावर बघते. मोहाची फुलं वाळवून विकते, बियांचं तेल काढते. उन्हाळाभर तिचं घर त्या झाडावर चालतं. पण झाड आतून पोकळ झालंय. खोडात माणूस बसेल एवढी ढोली आहे. वारा सुटला की ती दारात येऊन वावराकडे बघत उभी राहते. ते पडलं तर त्याच्या जागी दुसरं नाही. तिने सरांना सांगितलं, बाकी काय लावायचं ते लावा, मला एक मोह द्या.

सरांनी नर्सरीतून रोप आणलं. ते मेलं. पुढच्या पावसाळ्यात दुसरं आणलं, तेही मेलं. उपटून पाहिलं तर मूळ पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेलं. जाऊ सरांना म्हणाली, "हे तर तुमी दोरीचं भेंडोळं लावलं." सर हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट घुसली ती निघेना. इतकी वर्षं मी या गावात आहे, लहान मोह मी कधी पाहिलाच नव्हता. कडुनिंबाची रोपं उकिरड्यावरही उगवतात. बाभूळ तर नको तिथे येते. मोह मात्र सगळे म्हातारे. गुडघ्याएवढा, कमरेएवढा असा एकही नाही. मी गावात विचारत सुटले. किराणा दुकानात, बसथांब्यावर, दळणाच्या रांगेत. लहान मोह कुणी पाहिलाय का? लोक आधी हसायचे, मग आठवायला लागायचे, पण कुणालाच आठवायचा नाही. एक म्हातारा म्हणाला, "मोह लहान नसतेच, बाई. तो मोठाच जलमते."

सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. बघू या." शिकलेला माणूस असं बोलला म्हणून मला बरं वाटलं.

फाल्गुनात काही तरी हाती लागलं. फुलं गळायच्या आधी आमच्याकडे मोहाखालचा पाला पेटवतात. जमीन काळी आणि साफ होते, पहाटे फुलं पडली की त्यावर उठून दिसतात, वेचायला सोपं जातं. मीसुद्धा आयुष्यभर असंच वेचलंय. जाऊ काडी ओढणार तेवढ्यात मी म्हणाले, "थांब वं. आगीत काय काय जळते ते पाहू दे."

"काय जळनार? पाला जळते."

मी खाली बसून पाला उकरला. एक रोप सापडलं, वीतभरही नाही, अर्धं वाळलेलं. दोनच पानं, पण पानं मोहाची. जाऊ वाकली. काडी तिच्या हातातच राहिली.

रविवारी सर म्हणाले, "एक वर्ष पेटवू नका."

"मंग फुलं तुमी वेचसान काय? पाल्यात हात घालून? तिथं विंचू असते."

ती बरोबर बोलत होती. मग मी म्हणाले, पाल्यावर जुनी लुगडी अंथरू. घरोघर जाऊन मागितली. दिली बायांनी, पण तोंडसुख घेऊन दिली. झाडाखाली रंगीबेरंगी पसारा झाला तेव्हा शेजारच्या वावरातली विचारते, "काऊन वं, मंडप काऊन टाकला? कोनाचं लगन हाय?"

"तुह्या नवऱ्याचं," जाऊ म्हणाली. "दुसरं."

एक जांभळी साडी एकीच्या सासूची होती. तिने सांगितलं, "जपून अंथरा. साडीवर फूल पडलं तरी सासू बोलन."

काम काही नीट झालं नाही. वारा आला की साड्या उडायच्या, दगड ठेवले तर बकऱ्या यायच्या. पण साडीवरच्या फुलांना माती नव्हती हे जावेने कबूल केलं. मोठ्याने नाही.

पावसाच्या तोंडावर बिया पडल्या. आम्ही त्यांना टोळी म्हणतो. सर म्हणाले, थोड्या जमिनीवर राहू द्या. आता मात्र जाऊ चिडली. "पाला नोका पेटवू, टोळी नोका वेचू. मंग म्या काय, बांध चाटू?" दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच वाटणी केली. झाडाच्या मावळतीकडच्या बिया तिच्या, उगवतीकडच्या मातीच्या. उगवतीकडे तिने एकही उचलली नाही. मी लक्ष ठेवून होते.

पावसाळ्यात उगवतीकडे रोपंच रोपं झाली. कोवळी पानं तांबूस असतात हे मला या वयात कळलं. मी रोज जाऊन बघायचे. जाऊ म्हणायची, मला वेळ नाही, पण काट्यांचं कुंपण कुणी घातलं ते मला दिसत होतं.

उन्हाळा आला आणि सगळी वाळली. पानं गळाली, नुसत्या काड्या उभ्या. जाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "झालं पाहून?" आणि घरी जाऊन आगपेटी घेऊन आली.

मला तोवर राहवेना. मेलं असेल तर मेलं, पण मेलं कसं ते तर बघावं. मी सब्बल घेतली आणि एका काडीच्या बुडाशी खणलं. वर वीतभर काडी. खाली माझा हात कोपरापर्यंत खड्ड्यात गेला तरी मूळ संपेना. शेवटी ते तुटलं. तुटलेली जागा पांढरी होती, बोटाला ओल लागली.

जाऊ माझ्या हातातलं मूळ बघत होती. "जित्तं होतं हे, बाई. तुमी मारलं."

"एक मारलं. बाकीचे जित्ते हायत हे तर कळलं."

तिने मूळ घेतलं, नखाने खरवडलं, वास घेतला. "मंग वरून काऊन वाळलं?"

"मले काय माहीत?"

रविवारी सरांना विचारलं. ते म्हणाले, पहिली काही वर्षं ते बहुतेक मूळच वाढवत असेल, नक्की मी विचारून सांगतो. जावेला तेवढं पुरेसं नव्हतं, पण आगपेटी तिने त्या दिवशीच चुलीजवळ परत नेऊन ठेवली होती.

साड्या तोवर फाटल्या होत्या आणि दुसऱ्या मागायची माझीही तयारी नव्हती. मग जाऊ खराटा घेऊन पाला झाडायला लागली. काडी आली की हात थांबवायची, तिच्याभोवतीचा पाला तसाच ठेवायची. झाडाखालचं सगळं झाडून होईपर्यंत दोन दिवस गेले आणि पेटवण्याच्या तुलनेत हे काम वैतागाचं आहे. शेजारचा त्याच्या मोहाखाली पेटवत होता तेव्हा ती खराटा घेऊन बांधावर उभी राहिली. "पेटव, माहं काई म्हननं नाई. पन आग इकडं आली तं पावसाळाभर तुह्याच घरी जेवाले येईन." त्याने मधला पाला ओढून घेतला.

आषाढात काही काड्यांच्या बुडातून पालवी फुटली. काहींच्या नाही फुटली. एकाच झाडाच्या बिया, एकच माती, मग असं का, हे मला अजून कळलेलं नाही. न फुटलेल्या काड्यांतली एक खणून बघावी असं मनात आहे. जावेने सब्बल लपवून ठेवली आहे.