उणे नऊची सवय

त्याच्या पायाला भिंगरी आहे, हे त्याच्या आईनं तो चालायला लागला त्याच दिवशी ओळखलं होतं म्हणे. पुढे कामावरच्या माणसांनी त्याचं नावच भिंगरी करून टाकलं. तोंडावर शेठ, पाठ वळली की भिंगरी. आणि पाठ तर दर मिनिटाला वळायची, त्यामुळे दोन्ही नावं एकाच वाक्यात यायची.

अठ्ठावीस वर्षं त्यानं शीतगृहं उभारली आणि चालवली. मासे, लोणी, सोललेले वाटाणे. नाकापर्यंत टोपडं ओढलेला जाड कोट घालून आत शिरायचं, आकडे बघायचे, दहा मिनिटांत बाहेर. असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर उठला आणि त्यानं एका लांबलचक उतरत्या शेडमध्ये बर्फ पाडला. घसरायला. स्कीइंगला. शंभर मीटरचा उतार, फरशीखाली थंडगार द्रव खेळवणाऱ्या नळ्या, वर गुडघाभर बर्फ आणि माणसांना माथ्यावर नेणारा सरता पट्टा. स्वतः मात्र त्यानं एकदाही पायात स्की अडकवली नव्हती. वेळ कुठे होता?

लोकांनी वेड्यात काढलं, पण त्याची हौस साधी होती. त्यानं केलेल्या गारव्यात आजवर फक्त माल पडून राहिला होता. एकदा तरी त्यात माणसं खिदळावीत, असं त्याला मनापासून वाटायचं.

शनिवार-रविवारी हॉल फुलायचा. सोमवार ते शुक्रवार चिटपाखरू नसायचं, आणि यंत्रांना काही वार कळत नाहीत. ती रिकाम्या बर्फासाठीही तेवढीच वीज खायची. पण खरी मेख वेगळीच होती. तिकीट खिडकीवर बसणारी त्याची बायको रोज संध्याकाळी तेच सांगायची.

"अहो, आजही एक ओळखीचा चेहरा नाही. येतात ते एकदाच येतात."

"बर्फ भुसभुशीत होत असेल," तो म्हणायचा आणि धावत जाऊन दारांच्या रबरी पट्ट्या तपासायचा.

अर्धी भागीदारी मेव्हण्याची होती. तो माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गणित यायचं. "भावोजी, महिनाअखेरपर्यंत बघू," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर बर्फ काढू, रॅक लावू, वाटाणे भरू. गार तर आहेच की सगळं."

हे 'गार तर आहेच की' त्याच्या असं काही जिव्हारी लागलं की त्या आठवड्यात तो जेवलासुद्धा उभ्यानंच.

एकच आशा होती. एका शाळेच्या खेळशिक्षिकेनं फोनवर चौकशी केली होती. चार तुकड्यांना वर्षभर, भर आठवड्यात, सकाळच्या वेळी स्की शिकवाल का? म्हणजे नेमकी रिकामी वेळ भरणार होती. आधी बुधवारी पस्तीस मुलं घेऊन ती बघायला येणार होती. झालं! याचा जीव टांगणीला. त्यानं बर्फ पाडणाऱ्या तोफा साफ केल्या, पट्ट्याला तेल दिलं आणि हॉलचं तापमान उणे सातवरून उणे नऊवर आणलं.

त्याची मुलगी नवख्यांना शिकवायची. तिनं आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हवा जरा उबदार करा. बर्फाला थंडी खालून नळ्यांची मिळते. वर उणे दोन पुरे."

"उणे दोन? आणि सगळा चिखल झाला तर? तू उतरव पोरांना चिखलात."

"बरं, मग माझ्या वर्गात एकदा उभे राहा. एकदाच."

सोमवारी तिनं त्याला खरोखरच धरलं. तो मोठा कोट काढायला लावला, भाड्यानं देतात ते जाकीट चढवलं, डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि पायात स्कीचे बूट घालून कडक बकलं आवळली. पाय प्लास्टरात घातल्यासारखे झाले. आठ जणांच्या रांगेत तिनं त्याला सातवा उभा केला.

नवख्यांचा वर्ग म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. एकानं दहा पावलं घसरायचं, पडायचं, उठायचं, तिनं गुडघे वाकवायला सांगायचं, आणि बाकीच्या सगळ्यांनी उभं राहायचं. नुसतं उभं. तो चुळबुळला, पण बूट हलू देईनात. पाच मिनिटांत कान गारठून गेले. आठव्या मिनिटाला नाक आहे की नाही, हे चाचपायला हात वर नेला, तर बोटांनाच कळेना.

त्याच्या पुढच्या बाई पाय आपटत होत्या. "शिकवते छान हो मुलगी," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा कोण येतंय इथे काकडायला? या मालकाला आपण मासे वाटतो की काय!"

त्याला भयंकर शरम वाटली. अठ्ठावीस वर्षं तो थंडीतून नुसता चालत राहिला होता. थंडीत थांबला कधीच नव्हता. आणि माशांनी कधी तक्रार केली नव्हती.

वर्ग संपताच तो त्याच बुटांत खाडखाड करत यंत्रखोलीत गेला. बटणापाशी हात अडला. शीतगृहात एक अंश चढला तरी कुणाचा तरी माल नासायचा, शिव्या बसायच्या. तो हात तसाच घडलेला होता. त्यानं उणे पाच केलं. बाहेर आला, पुन्हा आत गेला, उणे चार केलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत, मुलगी मागे उभी राहिली म्हणून, कसंबसं उणे दोन झालं. मधल्या वेळात त्यानं शंभरदा तरी बर्फात बोट खुपसून पाहिलं असेल. बर्फ जागेवर होता, उलट जरा मऊ झाला होता.

बुधवारी पस्तीस मुलं कलकलाट करत आत घुसली. एवढ्या अंगांची ऊब! टोपडं नाकापर्यंत ओढून, हातात तापमापक घेऊन तो उताराच्या कडेनं वर-खाली करायला लागला. आकडा उणे एक पूर्णांक सहा. तो यंत्रखोलीकडे धावला, बटणाला हात लावला, दात आवळून तसाच परत आला. असं चारदा. खाली दाराजवळ हातभर जागा पाणचट झाली, तर स्वतःच फावडं घेऊन तिथे भिडला. मुलगी लांबून खुणा करत होती, बसा, बसा. कोण बसतंय!

तास संपला, पण मुलं निघेनात. शिक्षिकेनं तीनदा शिट्टी वाजवली. एकीनं तर टोपी काढून खिशात कोंबली होती आणि ती पुन्हा पट्ट्यावर चढली होती.

त्यानं कोट काढला, केस सारखे केले आणि तिकीट खिडकीशी येऊन मालकासारखा उभा राहिला. शिक्षिका लाल गालांनी आली.

"ठरलं," ती म्हणाली. "चारही तुकड्या, वर्षभर. पण एक अडचण आहे."

"बर्फ ना? आत्ता गार करतो—"

"नाही हो, बर्फ उत्तम आहे. थंडीही बेताची, मुलांना उभं राहवतं. पण ते तुमचे एक काका आहेत ना, टोपडंवाले? सारखे कडेनं पळत होते. मुलं उतार सोडून त्यांच्याकडेच बघत होती. दोघी धडपडल्या. वर्गाच्या वेळी ते आत नसले तर बरं."

बायकोनं घाईनं तिकिटांच्या खणात डोकं घातलं. मुलगी काही बोलणार होती, त्यानं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. आनंद इतका झाला होता की एका जागी उभं राहवत नव्हतं, आणि तिथेच काहीतरी खोल खुपतही होतं. हा हॉल आता चालणार होता, पण त्याच्याशिवाय.

"नसतील," तो म्हणाला. "मी सांगतो त्यांना."