वाणाचा वाडगा आणि कुंभारीण

हळदीकुंकवाच्या वाणाचं प्लॅस्टिक आमच्या घरात इतकं साठलं आहे की पुढच्या पिढीलाही पुरून उरेल. पुढची पिढी नाही, हा भाग वेगळा.

त्यातला एक पांढरा वाडगा मी किड्यांचे फोटो काढायच्या कामाला लावला. तळाला भोक पाडून तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुढे बसवला आणि आतून फोमचा पातळ कागद चिकटवला. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे चकचकीत पार्ट या फोममध्ये गुंडाळून येतात आणि फोम कचऱ्यात जातो. किड्याचं अंग त्या पार्टसारखंच चकचकीत असतं. फ्लॅश थेट मारला तर पाठीवर नुसता पांढरा डाग उमटतो. वाडग्यातून गाळलेला उजेड पडला की पायावरचा केस न् केस दिसतो.

मोशीतल्या आमच्या सोसायटीत मी कढीपत्त्याच्या कुंडीवर ओणवी झाले की येणारे-जाणारे विचारतात, काही हरवलं का? मुंगीचा फोटो काढतेय म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया येते. मूल नसलेली बाई जे काही करते ते कशाऐवजी करते, हे लोकांना लगेच कळतं. चार मुलांचा बाप दिवसभर क्रिकेट बघत बसतो, तो कशाऐवजी बघतो हे कोणी विचारत नाही.

दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले होते. आता आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं, नावही नोंदवलं होतं. संस्थेची एक बाई घर बघायला येणार होती. एकच काम उरलं होतं, ते म्हणजे सासूबाईंना सांगणं. हे काम नवऱ्याकडे होतं. तो माणच्या एका आयटी कंपनीत आहे. प्रोजेक्ट रखडल्याचं अमेरिकेतल्या क्लायंटला तो हसत हसत सांगतो. आईसमोर मात्र तोंड उघडायची वेळ आली की त्याला तहान लागते. उन्हाळाभर राहायला बीडहून सासूबाई आल्या, तेव्हापासून तो भरपूर पाणी पीत होता.

अशात एक दिवस देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधायला घेतलं. कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. शिकलेल्यांनाही असतं, ते फक्त हसत हसत सांगतात. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले.

“आली बघ,” त्या म्हणाल्या. “आता ती खिडकीची जाळी उघडी ठेव. तिला जायला-यायला वाट पाहिजे.”

जाळी उघडी राहिली. नवऱ्याला रात्रभर डास चावले आणि त्याने तेही आईला सांगितलं नाही.

मला राग यायला हवा होता आणि आलाही. पण खरं सांगायचं तर मलाही ते घर हवं होतं. कुंभारीण चिखलाचा गोळा आणते, थापते, गुळगुळीत करते, हे इतक्या जवळून मला कधीच टिपता आलं नव्हतं. बाळ बाहेर पडतानाचा फोटो मिळाला असता तर मला दुसरं काही नको होतं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच सासूचं आणि माझं एका गोष्टीवर एकमत झालं.

सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलचा माणूस पंप घेऊन आला, तेव्हा सासूबाई दारात आडव्या आल्या. “फवारू नका. घरात बाळ यायचंय.” तो बिचारा माझ्या पोटाकडे बघून अभिनंदन म्हणाला. मी थँक्यू म्हटलं, नाहीतर त्याने पंप मारला असता. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि वरच्या मजल्यावरून कैऱ्या आल्या. कैऱ्या नकोत म्हटलं तर त्यावरूनही कोणीतरी मुलगा की मुलगी ते ओळखलं.

स्टुलावर चढून फोटो काढताना मला तिसरा हात लागायचा. सासूबाई खाली उभ्या राहून फ्लॅश आणि वाडगा धरायच्या. भाकरी थापलेला हात, जराही हलायचा नाही.

“हे कशाला लावायचं पुढं?” त्यांनी विचारलं.

“उजेड थेट नको म्हणून. अंगावर मऊ पडतो.”

“आन् ती काय कोंबायली गं आत?”

“अळ्या. बाळाच्या खाण्याची सोय.”

“नवरा कुठंय तिचा?”

“तो काही करत नाही.”

“मंग बरोबर हाय,” त्या म्हणाल्या.

कुंभारणीने तोंड लिंपलं आणि ती निघून गेली. पुढे सासूबाई रोज पूजा झाली की त्या मातीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. त्यांचा आनंद बघून मला आत कुठेतरी दुखायचं. मी नवऱ्याला बाल्कनीत नेऊन म्हणायचे, आज सांग. तो म्हणायचा, उद्या नक्की. संस्थेच्या बाईचा फोनही तो बाल्कनीतच घ्यायचा, आईला कळू नये म्हणून.

एका रविवारी आम्ही पोहे खात असताना सासूबाईंनी हाक मारली. मातीला भोक पडलं होतं. मी कॅमेरा घेऊन स्टुलावर चढले, सासूबाईंनी वाडगा धरला आणि आतून जे बाहेर आलं ते हिरवं-निळं होतं, नव्या नवरीच्या चुड्यासारखं. ते उडून जाण्याआधी मला दोन-तीन फोटो मिळाले. खाली उतरून मी मोठे करून दाखवले.

सासूबाईंनी चष्मा लावला. “ही कुंभारीण न्हाई.”

“नाही. ही दुसरी जात. कुंभारीण माती आणायला गेली की हिची आई गुपचूप आत अंडं घालून जाते.”

“म्हंजी दुसऱ्याचं लेकरू. हिच्या घरात वाढलं.”

“हो,” मी म्हटलं. नवरा पोह्यातले शेंगदाणे निवडत बसला. हिरवीने आधी घरचं बाळ खाल्लं असणार, हे मी सांगितलं नाही. देव्हाऱ्यासमोर झालं म्हणून काय, प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी असं नाही.

सासूबाईंनी सगळे फोटो पुन्हा एकदा बघितले. मग चष्मा काढत म्हणाल्या, “ती संस्थेची बाई कधी यायलीय?”

नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला.

“तुमचं बाल्कनीतलं समदं हॉलमधी ऐकू यायलंय,” त्या म्हणाल्या. “मी आले तवापासून.”

“मग आई,” मी विचारलं, “तुम्ही एवढे दिवस कुंभारणीला हात जोडत होता, ते कशासाठी?”

“कशासाठी म्हंजी? ह्या घरात लेकरू यायचंय म्हणून तिनं सांगितलं. पोटातूनच येतंय आसं कुठं सांगितलंय?”

“आई, मी सांगणारच होतो,” नवरा म्हणाला.

“तू पोहे खा,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वाडगा पदराने पुसून माझ्या हातात दिला. “हे नीट जपून ठेव. फोटू काढताना लेकराच्या डोळ्यांवर थेट उजेड नको.”