लाल पट्टी कोणी हलवायची

माझा उजवा हात आता कानापर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. तो गेला असता, हे मी आजही म्हणतो. ज्यांच्यामुळे गेला नाही त्यांच्याशी माझं बोलणं आहे, जाणं-येणं आहे, पण मनातलं मनात आहे.

चौलच्या बाजूला माझा सुपारीचा व्यापार आहे. त्याची सुरुवात झाडावरून झाली. मी पाडेली होतो. पायात दोरीचा फास अडकवून सुपारीच्या शेंड्याला जायचं, घड उतरवायचा, झाड झुलवून शेजारचं झाड पकडायचं आणि जमिनीला पाय न लावता वाडीची अख्खी ओळ पाडायची, असं ते काम. त्यातून पुढे मी वाड्या उक्त्या घ्यायला लागलो. म्हणजे झाडावरचं पीक नजरेनं जोखायचं आणि सगळ्याचा मिळून एकच सौदा करायचा. हे सौदे दसऱ्याच्या सुमाराला होतात. मालक आणि मी वाडीतून फिरतो. मी हात वर करून घड दाखवतो, इथे गळ झाली, तिथे कोळे रोग लागलाय, असं म्हणत त्याला खाली आणतो. वर केलेल्या त्या हातात अर्धा सौदा असतो. दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून वाडीत गेलात तर मालकाला वाटतं, हा आता थकला, याला यंदा माल हवाच आहे. मग तो ताणून धरतो. मीही मालक असतो तर तेच केलं असतं.

गेल्या वर्षी ज्येष्ठ संपता संपता पाटाच्या कडेला शेवाळावरून पाय सटकला आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला. पनवेलला तो शिवून घेतला. सर्जन म्हणाले, माझं काम झालं, आता फिजिओथेरपी नीट करा आणि घाई करू नका. मी मनात दसऱ्याचा हिशेब लावत होतो.

अलिबागच्या रस्त्यावर एक केंद्र आहे. बाहेर मोठी पाटी, पाटीवर डॉक्टरांचं नाव, नावापुढे पदव्या. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत नोंदणीचं प्रमाणपत्र. पहिल्या दिवशी डॉक्टर स्वतः होते. चाळिशीचा माणूस, गोड बोलणारा, मला शेठ म्हणणारा. त्यांनी खांदा तपासला, काय करायचं आणि काय नाही ते सांगितलं. भिंतीवर एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, तिला खाचा पाडलेल्या. बोटं एकेका खाचेवर टेकवत हात वर न्यायचा. तिला ते बोटांची शिडी म्हणतात. डॉक्टरांनी माझ्या खांद्याच्या उंचीला एका खाचेवर लाल चिकटपट्टी लावली. ते म्हणाले, "याच्या वर मी सांगेपर्यंत जायचं नाही. आतले टाके अजून कच्चे आहेत."

त्यानंतर डॉक्टर मला जवळजवळ दिसलेच नाहीत. त्यांचं एक केंद्र पेणला, दुसरं खोपोलीकडे. इथलं सगळं त्यांची मदतनीस पाहायची. आतल्या भातशेतीच्या गावातली, तिशीतली, दोन मुलांची आई. शेक द्यायची, हात धरून हलवायची, शिडीपाशी उभी राहायची. हात चांगला होता तिचा. पण तिची नोंदणी कसलीही नव्हती. ती कुठे शिकलेली नव्हती, डॉक्टरांचं बघून बघून काम उचललं होतं, आणि हे तिने मला विचारल्याबरोबर सांगितलं. मदतनिसाने तपासायचं नाही, काय करायचं ते ठरवायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच त्यांच्या देखरेखीखाली करायचं, असा नियम आहे, हेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, नियम चांगला आहे, पण देखरेख करणारा खोपोलीला बसलाय.

शेक चालू असताना मी तिला आमच्यातली रीत सांगितली. नवा पाडेली झाडावर चढतो तेव्हा बुंध्याशी जुना पाडेली मान वर करून उभा असतो. तो म्हणेल थांब, की थांबायचं. तो म्हणेल उतर, की उतरायचं.

"आन मालक म्हणला वर जा, तर?" तिने विचारलं.

"मालकाला कोण विचारतो? पैसे त्याचे, झाड त्याचं, पण चढणाऱ्याला हुकूम बुंध्याशी उभा आहे त्याचा."

ती हसली आणि शेकाची पिशवी उलटी केली.

भाद्रपद सरत आला. माझा हात लाल पट्टीपर्यंत आरामात जायला लागला होता, दुखत नव्हता. सौदे तोंडावर आले होते. मी तिला म्हटलं, पट्टी वर घे. ती म्हणाली, सरांना विचारते. तिने फोन लावला, तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला. डॉक्टर गाडीत होते. तिने सांगितलं की काकांचा हात पट्टीला टेकतो, दुखत न्हाय, वर घ्यायला सांगतायत. पलीकडून आवाज आला तो मीही ऐकला, कारण फोन मोठ्या आवाजावर होता: "ठीक आहे, थोडं बघ." आणि फोन बंद.

आता थोडं म्हणजे किती? पुस्तकात याला काही माप असेल. माझ्या धंद्यात थोडं म्हणजे जिथे दोघांचं जमेल तिथपर्यंत. मी चार खाचा मागितल्या. ती म्हणाली, एक. मी म्हटलं, एका खाचेत काय होतंय, बाय, मुंगी चढेल एवढी जागा. ती म्हणाली, सर ओरडतील. मी म्हटलं, सरांनी तर हो म्हटलंय, तू ऐकलंस, मी ऐकलं. शेवटी मी उठून चप्पल घालायला लागलो. सौदा अडला की मी हे करतोच, आणि समोरचा हाक मारतो. तिने हाक मारली. दोन खाचांवर जमलं. तिने नखाने पट्टी सोडवली आणि वर लावली.

पहिली खाच गेली. दुसऱ्या खाचेला बोट टेकलं आणि खांद्यात जुनं कापड उसवावं तसं काही झालं. आवाज नव्हता, पण मला कळलं. तिलाही कळलं असावं, कारण तिने माझा हात लगेच खालून धरला आणि सावकाश खाली आणला. तिचा चेहरा उतरला होता. मी ओरडलो, काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

सर्जन म्हणाले, टाके काही ठिकाणी ओढले गेलेत. पुन्हा शिवावं लागणार नाही, पण हात परत झोळीत. आता पूर्ण वर जाईल असं सांगता येत नाही.

दसऱ्याला मी वाड्या फिरलो ते डाव्या हाताने. डावा हात वर केला की बोट घडाकडे जातं, पण नजर मालकाची माझ्या झोळीकडे. माझ्या दोन जुन्या वाड्या दुसऱ्याने नेल्या. बाकीच्यांनी मला हवं तसं वाकवलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही दुसऱ्याच्या भावात माल घेतलात. तिला वाटलं असेल, यातून माझं मन हलकं होईल.

त्याच आठवड्यात मी केंद्रावर गेलो. आधी फोन करून सांगितलं होतं की डॉक्टर नसतील तर मी थेट परिषदेकडे तक्रार करीन, जिने प्रमाणपत्र दिलंय तिच्याकडे. डॉक्टर वेळेआधी हजर होते. मदतनीस दाराशी टॉवेलच्या घड्या घालत होती, एकच टॉवेल पुन्हा पुन्हा.

डॉक्टर म्हणाले, झालं ते वाईट झालं. पट्टी हलवायचा तिला अधिकार नव्हता. तिला उद्यापासून येऊ नको असं सांगतो. मग ते माझ्याकडे बघत राहिले, आकडा सांगितल्यावर समोरच्याकडे बघतात तसे.

मी चाळीस वर्षं सौदे करतोय. हा माणूस मला जे देत होता ते त्याच्या खिशातलं नव्हतं. ते त्या बाईचं होतं, तिच्या घरची चूल त्यावर होती. दुसऱ्याच्या झाडाची सुपारी तो मला विकत होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, पाटीवर नाव कोणाचं?"

"माझं."

"चौकटीत नाव कोणाचं?"

त्यांनी मान वळवून चौकटीकडे पाहिलं.

"मग मला थांब म्हणायचं काम कोणाचं? मी घासाघीस करणारच. मी देवाशीसुद्धा करतो. मला नाही म्हणेल असा माणूस इथे उभा पाहिजे होता, आणि तो तुम्ही. फोनवरून मी पाडेली चढवत नाही."

ते म्हणाले, तीन केंद्रं आहेत, मी एकटा आहे. मी म्हटलं, तीन झाडांच्या बुंध्याशी एक माणूस उभा राहत नसतो. मग सौदा सुरू झाला. मी रोजची हजेरी मागितली. ते आठवड्यातून एका दिवसावर आले. माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला, बाकांवरच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना बघून डॉक्टर तीन दिवसांवर आले. ते नसतील त्या दिवशी मदतनिसाने शेक द्यायचा आणि ठरलेला व्यायाम करून घ्यायचा, नवं काही नाही. तिची नोकरी राहील. मी तक्रार करणार नाही. ती राहावी यात माझाही स्वार्थ होता. खांद्याला हात लावायला मला तीच लागत होती.

हे सगळं ठरलं तेव्हा तिने टॉवेल ठेवला आणि आत जाऊन शेकाचं पाणी तापत घातलं. आभार तिने मानले नाहीत. मी अपेक्षाही केली नव्हती, थोडी केली होती.

झोळी निघाल्यावर पुन्हा शिडी सुरू झाली. डॉक्टरांनी पट्टी पहिल्यापेक्षाही खाली लावली. हात हळूहळू वर आला. एका मंगळवारी तो पट्टीला सहज टेकला. मंगळवार डॉक्टरांचा दिवस नाही. मी इकडेतिकडे बघून म्हटलं, एक खाच घेऊ या का?

ती म्हणाली, "न्हाय."

मी म्हटलं, दुखत नाही. ती म्हणाली, व्हय, पण न्हाय. मी उठलो, चप्पल पायात घातली, दारापर्यंत गेलो. तिने हाक मारली नाही. मागे वळून पाहिलं तर ती शिडीला पाठ लावून उभी होती.

"काका, हात तुमचा, तुम्ही मालक," ती म्हणाली. "चढवायचं काम मालकाचं न्हाय. तुम्हीच सांगितलंत."

मी तिला काहीतरी टाकून बोललो आणि घरी आलो. दिवसभर चहासुद्धा गोड लागला नाही.

बुधवारी मी डॉक्टरांच्या आधी पोचलो. ते आले, खांदा दाबून पाहिला, हात फिरवून पाहिला, बराच वेळ घेतला. मग पट्टी सोडवून एक खाच वर लावली. मी दोन मागितल्या. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. एकच मिळाली.